फिडलच्या गजाला तेल

घट बसले की सुप्रभा घराबाहेर पडत नसे. नंदादीप एकदा लावला की तो नऊ दिवस शांत होऊ द्यायचा नाही, आणि तेवता दिवा सोडून घराला कुलूपही घालायचं नाही. सासूबाईंनी घालून दिलेला हा नेम तिने इंग्लंडातल्या वॉटफर्डमध्ये एकतीस वर्षं पाळला होता. हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होती तेव्हा ती अर्धी रजा नवरात्रासाठी राखून ठेवायची. बाकीच्या जणी स्टाफरूममध्ये समुद्रकाठचे फोटो दाखवायच्या आणि हिला विचारायच्या, "यू स्टेड ॲट होम? अगेन?" आता रिटायर झाल्यावर विचारणारं कोणी नव्हतं. डायनिंग रूमच्या कोपऱ्यात घट, त्यावर टांगलेल्या माळा, शेजारी दिवा, आणि छतावरच्या स्मोक अलार्मवर गिरीशने चढवलेली शॉवर कॅप. गिरीश म्हणजे नवरा, भूल देणारा डॉक्टर. देवधर्मात त्याचा वाटा त्या शॉवर कॅपपुरता.

यंदा नवमी शनिवारी आली. खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतं आणि ज्याच्यावर जीव जडतो, ते सगळं त्या दिवशी घासूनपुसून देवापुढे मांडायचं. पाटावर विळी होती, शिवणाची कात्री होती, तिचा जुना स्टेथोस्कोप होता, आणि मधोमध ऋजुताची फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच.

ऋजुता तिची एकुलती एक लेक. सत्तावीस वर्षांची, फार्मसिस्ट, हॅरोला मैत्रिणींबरोबर राहणारी. आठवड्याचे पाच दिवस ती लोकांना गोळ्या देते आणि उरलेले दोन दिवस 'टर्फ अँड थंडर' नावाच्या बँडमध्ये वाजवते. आयरिश लोकांच्या जुन्या नाचाच्या धुना, त्यांच्याखाली हेवी मेटलच्या गिटारी, मधे कबीर नावाच्या ड्रमरचा पंजाबी ढोल, आणि मन झालं तर रेगेसुद्धा. सुप्रभाने एकदा फोनवर दीड मिनिट ऐकलं होतं. तिला वाटलं, कोणीतरी एका गुणी मुलीला सिमेंटच्या मिक्सरमध्ये घातलंय आणि ती आतूनसुद्धा गातेच आहे.

गुरुवारी रात्री ऋजुता फिडल ठेवून गेली तेव्हाच वाद झाला होता.

"आई, पूजा कर तू, पण शनिवारी बाराला मी नेणार हं. गिग आहे, वाजवायचंय."

"पूजेला बसवलेलं वाद्य त्या दिवशी वाजवत नाहीत गं."

"देवीला चालेल. ती पण लाऊडच आहे की. घंटा, शंख, नगारा... तूच म्हणतेस."

सुप्रभाने फिडलची पेटी उचलून देवाजवळ नेऊन ठेवली. पूजा लवकर करू, अक्षता टाकून फिडल हलवू आणि देऊ, असा तिने देवीशी मनातल्या मनात तह केला.

शनिवारी पहाटे तिने एकेक वस्तू पुसायला घेतली. फिडल मऊ फडक्याने पुसली. मग गज हातात घेतला. गजाचे केस पाहून तिला कसंतरीच झालं. पांढरट, भुरकट, कोरडे ठक्क. वर कसली तरी पिठासारखी भुकटी. ऋजुता आठ वर्षांची असताना धावत येऊन म्हणाली होती, "आई, हे खऱ्या घोड्याचे केस आहेत!" ते आठवलं आणि सुप्रभाला त्या घोड्याची दया आली. तिने ओल्या फडक्याने ती भुकटी सगळी काढली. मग खोबरेलाचे दोन थेंब तळहातावर घेतले, हात एकमेकांवर चोळले, आणि वरपासून खालपर्यंत, गुंता होऊ न देता, ते केस माखले. वीस वर्षांपूर्वी दर रविवारी ऋजुताला पुढ्यात बसवून माखायची तसेच. केस चमकायला लागले. तिला फार बरं वाटलं. गजाच्या मुठीला हळदकुंकू लावून तिने तो पाटावर ठेवला आणि हात जोडले.

बाराला ऋजुता आली. काळा टी-शर्ट, काळे बूट, डोळ्यांत काळं. तोंडात वरीच्या तांदळाचा घास कोंबून, आईने भरून ठेवलेली फिडलची पेटी न उघडताच उचलून, "लव्ह यू, बाय!" म्हणून गेली. गिरीश सकाळपासून ऑन-कॉल होता. घरात सुप्रभा आणि दिवा.

तीनला दहा कमी असताना फोन वाजला.

"आई, माझा बो! तू काय केलंस त्याला?"

"काय केलं? पूजा केली."

"नाही, त्याच्या हेअरला! हात लावला तर स्लिपरी आहे. फिडलचा आवाजच येत नाहीये. नुसता सरकतो."

"तेल लावलं थोडंसं," सुप्रभा म्हणाली. "खोबरेल. चांगलं शुद्ध आहे गं, कोल्ड प्रेस्ड."

ऋजुताने फोन बाजूला धरला. मग लांबून एक पुरुषी आवाज, "व्हॉट डिड शी से?" आणि ऋजुताचा, "शी ऑइल्ड इट." कोणीतरी खो खो हसलं. मग हसणाराच एकदम थांबला.

"आई, ऐक. ती पावडर म्हणजे रोझिन होतं. त्यानेच तर केस स्ट्रिंगला धरतात. तेल लागलं की संपलं. आता सगळे केस बदलायला लागणार, आणि माझा स्पेअर बो त्याच कामाला दिलाय, तो ट्यूजडेला मिळणार." तिचा आवाज चिरकायला लागला. "साडेतीनला लाइन चेक आहे, सगळ्यांचा आवाज तपासतात. सव्वाचारला आम्ही स्टेजवर. समर फेस्टिव्हलची बुकिंग करणारी बाई येणार आहे, आज, आमच्यासाठी. दोन वर्षं मी तिला ईमेल करतेय, आई. इथे सकाळपासून नऊ बँड आहेत, सगळे मेटलवाले, एकाकडे पण फिडल नाही."

नऊ दिवसांच्या उपासातही सुप्रभा तडक खिडकीशी गेली. "शेजारी आहे की," ती म्हणाली.

"त्यांच्याकडे नको. ते जूनपासून माझ्याशी बोलत नाहीत."

"तू नको मागूस. मी मागते."

शेजारी म्हणजे डोनल हॅनरहन. वय एकोणऐंशी. सतराव्या वर्षी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून आला, चाळीस वर्षं इंग्लंडचे रस्ते खणले आणि बुजवले. बायको गेल्यापासून एकटाच. ऋजुताला फिडल शिकवली ती त्याने, दर मंगळवारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात. कागद नाही, नोटेशन नाही. तो एक तुकडा वाजवायचा, ती परत वाजवायची, चुकली की तो काही न बोलता तोच तुकडा पुन्हा. असं अठरा वर्षं चाललं. नोकरी लागून हॅरोला गेल्यावरही मुलगी मंगळवारी यायची. आणि जूनमधल्या एका मंगळवारी तिने दार वाजवलं तेव्हा तो दारातच म्हणाला, "आज दमलोय." पुढच्या मंगळवारीही दमलेला होता. तिसऱ्या मंगळवारी ती गेली नाही. बँडचा व्हिडिओ त्याच्या पुतणीने त्याला दाखवला होता, एवढंच दोघींना ठाऊक होतं. त्याला तो गोंगाट सोसला नाही, असं ऋजुताने धरून ठेवलं.

सुप्रभाचं मात्र त्याच्याशी येणंजाणं होतं. तो रोज सकाळी चर्चला जायचा, ही रोज सकाळी पूजेला फुलं तोडायची, आणि कुंपणावरून दोघं एकमेकांना हवामान सांगायची. 'सुप्रभा' त्याला जमलं नव्हतं. तो 'सू' म्हणायचा.

दिवा दिसत राहील असं दार सताड उघडं टाकून ती त्याच्या दाराशी गेली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. तेलाचं सांगताना तिने मान खाली घातली. डोनलने आधी डोळे मिटले, मग त्याचे खांदे हलायला लागले.

"खोबरेल," तो म्हणाला. "साठ वर्षांत गजावर बसलेलं माणूस पाहिलं, गज चावलेलं कुत्रं पाहिलं. हे नव्हतं पाहिलं."

"हसा तुम्ही. माझा जीव जातोय इथे."

"माहीत आहे, सू." त्याचं हसू मावळलं. तो आत गेला आणि आपला गज घेऊन आला. काठी इतकी जुनी की मुठीच्या जागी अंगठ्याचा खळगा पडला होता. "देतो. पण एक अट. नोराची धून तिथे वाजवायची नाही."

नोरा ही त्याची आत्या. ती धून डोनलला तिने दिली होती, आणि डोनलने ऋजुताला, ती सोळाची झाल्यावर. हे सुप्रभाला ठाऊक होतं; त्या दिवशी मुलगी पदक मिळाल्यासारखी घरी आली होती.

"सांगते मी तिला," सुप्रभा म्हणाली.

"सांगते नको. शब्द द्या. तुम्ही शब्द मोडत नाही, हे मी एकतीस वर्षं बघतोय."

घड्याळ पुढे सरकत होतं. "दिला," ती म्हणाली. "आता टॅक्सी बोलावते, टॅक्सीवाला नेऊन देईल."

"हा गज मी टॅक्सीवाल्याच्या हाती देणार नाही. तुम्ही न्या."

"मी? माझा दिवा..."

डोनलने तिच्या उघड्या दारातून आत बघितलं. "आमच्या चर्चमध्येही एक लाल दिवा असतो, सू. तोही विझू द्यायचा नसतो. दहा वर्षांचा असताना त्याचं तेल मी बघायचो." आणि तो चालू लागला. तिच्या दाराशी वाकून, कण्हत, एकेक करून बूट काढले, डायनिंग रूममध्ये खुर्ची ओढली आणि दिव्यासमोर बसला. "तेल कुठलं? आणि वात पुढे कशाने सारायची?"

तिने तेलाची बरणी दाखवली, चिमटा दाखवला, काजळी कशी हलकेच काढायची ते दाखवलं. "फुंकर नका मारू चुकून."

"जा आता."

साडीवर अंगाला येईल तो रेनकोट चढवून सुप्रभा निघाली. नवव्या दिवशी उंबरठ्याबाहेर. देवीला काय वाटेल याची चुटपुट एकीकडे, आणि दुसरीकडे गज. टॉवेलात गुंडाळलेला तो गज तिने तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी धरला होता. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी उभीच होती. क्रॉक्सली गेलं, मूर पार्क गेलं. तिला एका जागी बसवेना. ती उठून दाराशी उभी राहिली, परत बसली. ऋजुताला कसं सांगायचं याची वाक्यं ती मनात लावून बघत होती. 'बाळा, गज मिळाला, पण.' 'बाळा, एक छोटीशी गोष्ट आहे.' नवरात्रात खोटं बोलायचं नाही हा तिचा आणखी एक नेम. पण यात खोटं कुठे होतं? फक्त सांगायचं तर होतं. पिनर आलं तरी एकही वाक्य ठरलेलं नव्हतं.

कार्यक्रम एका पबच्या मागच्या हॉलमध्ये होता. दारावरच्या दांडग्या माणसाने तिची साडी, तिचं कुंकू, तिच्या हातातला टॉवेल बघितला. "यू लॉस्ट, लव्ह?"

"आय ॲम विथ द बँड," सुप्रभा म्हणाली. त्याने तिच्या मनगटावर कवटीचा शिक्का मारला आणि कानात घालायचे बोळे दिले.

आतल्या बोळात ऋजुता भिंतीला टेकून खाली बसली होती. शेजारी कबीर, मांडीवर काठ्या बडवत. "आंटी!" तो ओरडला. "आंटी इज हिअर!"

ऋजुताने वर बघितलं. "तू आलीस? तू? अगं पण दिवा..."

"डोनल बसलेत दिव्यापाशी."

सुप्रभाने टॉवेल उलगडला. ऋजुताने तो गज ओळखला. हात पुढे केला आणि मागे घेतला. "त्यांचा स्वतःचा? हा ते कोणाला हात पण लावू देत नाहीत." तिच्या डोळ्यांतलं काळं ओघळायला लागलं. "काय म्हणाले ते? आई, काय म्हणाले?"

आता. सुप्रभाने तोंड उघडलं. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर सहा गाण्यांची नावं होती, तिसऱ्याभोवती मार्करने जाड गोल. "ते कुठलं?" तिने विचारलं.

"ते नोराचं. आम्ही 'आयर्न जॉ' म्हणतो. त्याच्यासाठीच ती बाई आलीय." ऋजुताने बाहीने नाक पुसलं. "सांग ना, काय म्हणाले?"

बारा वर्षं ही बँड-बँड खेळतेय आणि आपण पहिल्यांदा आलोय, असं सुप्रभाच्या मनात आलं. मुलगी जूनपासून पहिल्यांदा अशी बघतेय. दहा मिनिटं उरलीत. "म्हणाले," ती म्हणाली, "स्क्रू फार आवळू नकोस. काठी जुनी आहे."

हेही तो म्हणालाच होता, गज टॉवेलात बांधताना. पण बोलून झाल्यावर ती वर न बघता रिकाम्या टॉवेलाची घडी घालत राहिली.

ती हॉलमध्ये मागे भिंतीशी उभी राहिली. पहिली दोन गाणी तिला आवाज म्हणून कळलीच नाहीत. ती बरगड्यांत कळली, रिकाम्या पोटात कळली. मग ऋजुता पुढे आली. "हॅरो! दिस वन इज कॉल्ड आयर्न जॉ!" लोक ओरडले. आणि मिनिटभर फक्त फिडल.

स्वयंपाकघरात भाजी चिरताना, इस्त्री करताना, शेजारून येणारी ती धून सुप्रभाने कितीदा ऐकली असेल. जशीच्या तशी होती. एक मुरकी हललेली नव्हती. मग कबीरच्या दोन्ही पायांखालचे ड्रम सुरू झाले आणि गिटारी कोसळल्या, आणि सुप्रभाला माहेरचं सांगलीचं अंगण दिसलं, लग्नानंतरचा गोंधळ, पेटलेली दिवटी, आणि छातीत धडकणारं संबळ. गोंधळी देवीला हाका मारायचे त्या काय हळू आवाजात? लहान सुप्रभा भिऊन आईच्या पदराआड जायची आणि पदराआडून पाय नाचवायची. आत्ताही तिचा पाय हलत होता. तिने तो थांबवला. तो पुन्हा हलायला लागला. ओठात रिंग घातलेली एक मुलगी तिच्या कानाशी ओरडली, "इज दॅट युअर डॉटर? शी इज अनरीअल!" सुप्रभाने मान हलवली आणि तिला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून इतकी लाज वाटली की ती धून संपायच्या आत ती दाराकडे वळली. गज ऋजुताकडेच राहिला. आपण शब्द दिला होता आणि आपण इथे उभं राहून पाय हलवला.

घरी पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. डोनल त्याच खुर्चीत होता, मोज्यांवर, पाठ ताठ. दिवा तेवत होता. तेलाची पातळी बोटभरसुद्धा उतरलेली नव्हती. चिमटा पुसून बशीत नीट ठेवला होता. खाली सतरंजीवर तेलाचा राईएवढाही डाग नाही.

"एकदा फडफडला," तो म्हणाला. "साडेचारच्या सुमारास. मागचं दार लावून घेतलं, मग सावरला. उठलो नाही नंतर. चहाला पण नाही."

सुप्रभा रेनकोट न काढताच उभी होती.

"झालं नीट?" त्याने विचारलं. "दुसरं काय वाजवलं मग तिने?"

विचारताना त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. दिव्याकडे बघत विचारलं. विश्वासाने.

"नोराची धून वाजवली तिने," सुप्रभा म्हणाली. "तिची चूक नाही. मी तिला सांगितलंच नाही. सांगायला गेले आणि जीभ उचलली नाही. शब्द मी दिला होता, मीच मोडला."

डोनलने बशीतला चिमटा सरळ केला. मग हळूच म्हणाला, "तुमचा दिवा मी विझू दिला नाही, सू."

"हो," ती म्हणाली.

तो उठला. गुडघे धरून, एकेक पायरी उतरल्यासारखा, दाराशी गेला आणि बूट घालायला वाकला. नाडी बांधता बांधता थांबला. "वाजवायच्या आधी काय म्हणाली?"

"कोण?"

"पोर. धून सुरू करायच्या आधी लोकांना काय म्हणाली?"

सुप्रभाने आठवलं. "म्हणाली, हॅरो, याचं नाव आयर्न जॉ."

"बस?"

"बस."

त्याने मान डोलावली. "व्हिडिओच्या खालीही तेच. 'संगीत: टर्फ अँड थंडर.' " नाडीची गाठ त्याने दोनदा बांधली. "आमच्याकडे धून कोणाच्या मालकीची नसते. कोणीही वाजवावी. फक्त आधी सांगायचं, मी ही अमक्याकडून घेतली. एवढंच भाडं असतं. नोराने सांगितलं होतं तिने कोणाकडून घेतली. मी नोराचं नाव घेतल्याशिवाय एकदाही वाजवली नाही, लग्नात नाही, पबमध्ये नाही, तुमच्या पोरीसमोर स्वयंपाकघरात नाही."

सुप्रभा दाराची चौकट धरून उभी राहिली. तिला तिची रोजची पहाट आठवली. स्तोत्र म्हणायच्या आधी ज्या ऋषीला ते दिसलं त्याचं नाव घ्यायचं. नाव न घेता म्हटलं तर ते पोचत नाही, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. चाळीस-पन्नास वर्षं ती ते नाव घेत होती. आणि लेकीला हे कधी सांगायला सुचलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला गोंगाटाचा राग नव्हता?"

"गोंगाटाचाही होता," डोनल म्हणाला. मग जरा थांबून, जसं काही विचारायचं नव्हतं पण राहवलं नाही, "किती जलद वाजवली?"

सुप्रभाला शब्दांत सांगता येईना. तिने मांडीवर ठेका धरून दाखवला, एका हाताने कबीरचे पाय, दुसऱ्याने धून. डोनल डोकं एका बाजूला कलवून ऐकत राहिला.

"नोरा याहून जलद वाजवायची," तो म्हणाला. "बायकांना नाचताना फेफरं यायचं." आणि पायरी उतरला. तिने पुढे केलेला साखरफुटाण्यांचा प्रसाद त्याने घेतला नाही. "गज तिला आणून द्यायला सांगा. तिने. तुम्ही आणलात तर घेणार नाही."

त्याचं दार लागल्याचा आवाज आला. सुप्रभाने आरती केली. एरवी तिला आरतीला वेळ लागतो, आज शब्द पुढे पळत होते. मग तिने फोन लावला. मागे कल्ला होता, हसणं होतं.

"आई! तू कुठे गायब झालीस? अगं ऐक ना, ती बाई..."

"आधी माझं ऐक." सुप्रभाचा आवाज एरवी इतका हळू की फोनवर लोक 'हॅलो, हॅलो' करतात. आत्ता ऋजुता गप्प झाली. सुप्रभाने तिला सगळं सांगितलं. अट, शब्द, बोळातली ती दहा मिनिटं, दारातलं बोलणं. एकही गोष्ट गाळली नाही.

"तू मला सांगायला हवं होतंस," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय केलं असतंस?"

ऋजुता कल्ल्यापासून लांब गेली, मागचा आवाज कमी झाला. "माहीत नाही," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही. वाजवलं असतं बहुतेक."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी घाबरले. ते माझं चुकलं. तुझं दुसरं चुकलंय."

"आई, ते क्रेडिट कबीरने टाकलं, मी बघितलं पण नाही, मला वाटलं ट्रॅडिशनल आहे तर कोणाचंच नसतं..." ती थांबली. "ते ओरडले का?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तीन तास माझा दिवा राखला, बाळा. चहासाठीसुद्धा उठले नाहीत."

पलीकडे कोणीतरी ऋजुताला हाक मारली. ती त्याला "वन मिनट!" म्हणून ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "तिचं पूर्ण नाव काय होतं? नोराचं?"

सुप्रभाने विचार केला. इतकी वर्षं धून ऐकली होती, नोराच्या म्हशीइतक्या हट्टी गाढवाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तिची बटाट्याची भाकरी कशी असते तेही ठाऊक होतं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "मीही कधी विचारलं नाही."

"मी आत्ता येऊ? साडेसातची गाडी आहे."

"आत्ता ते जेवायला बसलेत. आणि आज त्यांना एकटं राहू दे. उद्या साडेआठला चर्चला निघतात. त्याआधी ये, आठला."

"तू दाराशी उभी राहशील ना माझ्याबरोबर?"

सुप्रभाच्या तोंडावर 'हो' आलं होतं. ते तिने आवरलं.

"नाही," ती म्हणाली. "मी इकडे असेन. दार तू वाजव."